अंगणातली हिरनी

दोन वर्षांपूर्वीची, डिसेंबरमधली गोष्ट. आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी जिथे शिजते, त्या शेडमागे एक कुत्री येऊन पडू लागली. गावातल्या इतर कुत्र्यांसारखी ती दिसत नव्हती. लांब निमुळते तोंड, पातळ कंबर, उंच पाय आणि वाळलेल्या गवताच्या रंगाचे आखूड केस. पुढचा उजवा पाय ती टेकवत नव्हती. मुले खडे मारायची, तरी ती पळायची नाही; नुसती मान फिरवून घ्यायची. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "ही कारवानी हाय. ससं धरणारी. आता पाय गेला म्हणून सोडलीया."

आम्ही उभयता शिक्षक. घरात उर्दू आणि मराठी दोन्हींचा वावर, दोन मुले, अम्मी आणि मागे अंगणात सहा शेळ्या. कुत्रा पाळायचा विचार आमच्या घरात कधी कुणी केला नव्हता. पण त्या दिवशी घरी आल्यावर मुलीने जेवताना विचारले, "तिने काम केले तोवर तिला भाकरी मिळत होती. आता काम होत नाही, तर भाकरीपण बंद?" आम्ही वर्गात मुलांना प्रामाणिकपणा आणि कृतज्ञता शिकवतो. तिच्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते.

आमचे गाव सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाच्या हद्दीजवळ आहे. माळरान, कमी पाऊस आणि मेंढपाळांचा मुलूख. इथून पलीकडे विजापूर, बागलकोटपर्यंत ही कुत्र्यांची जात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्याकडे तिला कारवान म्हणतात, तिकडे मुधोळ. जिच्या कानांना आणि शेपटीला केसांची झालर असते, ती पश्मी. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, पश्म म्हणजे लोकर. अरबस्तान आणि इराणकडच्या सलूकी कुत्र्यांची ही नातलग मानली जाते. व्यापाऱ्यांच्या आणि फौजांच्या काफिल्यांबरोबर हिचे पूर्वज दख्खनमध्ये आले, म्हणून नाव कारवान, असे सांगतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात जोपासली. २००५ मध्ये भारतीय डाक खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीटही काढले. म्हणजे तिकिटावर मान, आणि खिचडीच्या शेडमागे खडे.

असे का होते, ते चौकशी केल्यावर कळले. ही कुत्री वासाने नव्हे, नजरेने शिकार करतात. लांबवर काही हलले की वाऱ्यासारखी धावतात. सशामागे धावण्यासाठीच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या वाढवले गेले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकारही गुन्हा ठरली, पण चोरून शिकार करणारे अजून आहेत. रात्री शेताच्या तारेच्या कुंपणात कुत्र्याचा पाय फाटतो, वय झाले की वेग कमी होतो, आणि मग धन्याला खाणारे तोंड नको होते. दवाखान्याचा खर्च करण्यापेक्षा दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडून येणे सोपे. उपाशी मरण्याच्या अवस्थेत जनावर असे टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

ही गोष्ट फक्त आपल्याच भागातली नाही. स्पेनमध्ये गाल्गो नावाची अशीच सडपातळ शिकारी कुत्री आहेत. तिथे सशांच्या शिकारीचा हंगाम हिवाळ्याच्या अखेरीस संपतो, आणि त्याच सुमारास टाकून दिलेली गाल्गो कुत्री मोठ्या संख्येने सापडतात. तिथल्या संस्था त्यांना उपचार देऊन युरोपातल्या इतर देशांतही घरे मिळवून देतात. २०२३ मध्ये स्पेनने प्राण्यांच्या संरक्षणाचा नवा कायदा केला, पण शिकारीच्या कुत्र्यांना त्यातून वगळले. माणूस कुठलाही असो, कामापुरते प्रेम करण्याची खोड सगळीकडे सारखीच दिसते.

धन्याचा पत्ता त्या सातवीतल्या मुलानेच काढला. आम्ही भेटायला गेलो. माणूस वाईट वाटला नाही. तो म्हणाला, "माझ्या पोरांच्या तोंडात घालू की तिच्या?" आम्ही एका कागदावर त्याच्याकडून लिहून घेतले की ही कुत्री तो आम्हाला खुशीने देत आहे. पुढे ती बरी झाल्यावर कुणी हक्क सांगत येऊ नये म्हणून ही खबरदारी. कुत्री नावाने बोलावली तरी येत नव्हती. मुलांनी तिचे नाव हिरनी ठेवले.

खरी अडचण घरी होती. हिरनीला दारात पाहताच अम्मींनी तसबीह बाजूला ठेवली. "ये क्या उठा लाए? घरात नमाज होते, कुरआनची तिलावत होते. ती आत येणार असेल तर मी फूफीकडे राहायला जाते." त्या रागाने नाही, काळजीने बोलत होत्या. पंचाहत्तरीच्या बाईने आयुष्यभर जपलेली पाकी एका दिवसात आम्ही धोक्यात आणत होतो. हिरनीला त्या रात्री शेळ्यांच्या गोठ्याशेजारी गोणपाटावर बांधले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मस्जिदीच्या इमामसाहेबांकडे गेलो. त्यांनी आमचे सगळे ऐकून घेतले, घाई केली नाही. त्यांनी सांगितलेले थोडक्यात असे. सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांनी पकडून आणलेले खाण्याची परवानगी आहे, म्हणजे शिकारी कुत्र्याचा माणसाशी असलेला संबंध कुरआनला अपरिचित नाही. सूरह कहफमध्ये गुहेतल्या ईमानवाल्या तरुणांसोबत त्यांच्या कुत्र्याचाही उल्लेख आहे. तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या मोज्यातून पाणी आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफी दिली, ही हदीस तर आपण मुलांना सांगतोच. पण हौसेसाठी कुत्रा पाळणाऱ्याच्या पुण्यातून रोज घट होते, हीसुद्धा हदीस आहे. शिकार, शेती आणि गुरांची राखण यांसाठी त्यात सवलत आहे. लाळेबाबत हनफी मतानुसार लाळ नापाक, पण कोरड्या अंगाला हात किंवा कपडा लागला तर तो नापाक होत नाही. कोकणातले आपले बहुतेक भाऊ शाफई मसलक पाळतात, तिथे नियम अधिक कडक: भांडे सात वेळा धुवावे, त्यातले एकदा मातीने.

शेवटी ते म्हणाले, "दया करायला मनाई नाही, आणि पाकी सोडायलाही सांगितलेले नाही. दोन्ही सांभाळायची सोय तुम्ही करा." आमचा हा अनुभव म्हणजे फतवा नव्हे. वाचकांनी आपल्या मसलकानुसार आपल्या आलिमांना जरूर विचारावे.

मग आम्ही सोय केली. हिरनीची जागा अंगणात, शेळ्यांच्या गोठ्यालगत. घराचा उंबरठा तिने ओलांडायचा नाही. तिचे पाण्याचे आणि जेवणाचे भांडे वेगळे, धुण्याचा नळ वेगळा. तिला हाताळायचे कपडे गोठ्यातच टांगलेले. नमाजच्या आधी कपडे बदलून, हातपाय धुऊन मगच वुजू. महिन्याभरात मुलांना हे इतके सवयीचे झाले की पूर्वी जेवणाआधी हात धुण्यासाठी ओरडावे लागे, तेही थांबले.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाय तपासला. हाड शाबूत होते, पण जखम चिघळली होती. वजन भरले अवघे सोळा किलो. डॉक्टर म्हणाले, अशा कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार थोडी असते, म्हणून भूल देताना जपावे लागते आणि थंडीही त्यांना लवकर बाधते. रेबीजची लस, जंताचे औषध, पंधरा दिवस पट्ट्या आणि जखम भरल्यावर नसबंदी. अम्मींनी दुरून विचारले, "किती पैसे गेले?" आम्ही खरा आकडा सांगितला. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी जुनी गोधडी गोठ्याच्या दाराशी टाकलेली दिसली.

हिरनी पहिले काही दिवस जेवायचीच नाही, आम्ही लांब गेल्यावर खायची. झाडू उचलला की जमिनीला चिकटायची. मुलांना वाटायचे की आपण इतके करतो, तरी हिला आपण आवडत नाही. आम्ही त्यांना सांगितले, वर्गात नवे मूल येते तेव्हा काय होते ते आठवा. त्याला बोलते करायला आपण हात धरून ओढत नाही. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मुलगा गोठ्यात अभ्यास करत बसला होता. ती उठून आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. तेवढेच. ही जात मुळात अबोल, परक्याने अंगाला हात लावलेला तिला खपत नाही, आणि उगाच चाटतही नाही. शेवटची गोष्ट अम्मींना फार आवडली.

मग तो शुक्रवार आला. जुम्याच्या गडबडीत अंगणाचे फाटक उघडे राहिले. शेजारच्या तीन कोंबड्या हिरनीने मिनिटभरात मारल्या. शेजारीण रडत आली. आम्ही माफी मागितली, कोंबड्यांचे पैसे दिले, पण मन फार खाली गेले. उद्या शेजारचे लहान मूल धावले तर? आम्ही उभयतांनी ठरवले की हिला कुणा शेतकऱ्याकडे देऊन टाकायची. मुलगी रडून झोपली.

रात्री इशानंतर अम्मी अंगणात आल्या. म्हणाल्या, "जे हलेल त्याच्यामागे धावायचे, हे तिला शिकवले कुणी?" आम्ही गप्प. "माणसानेच ना? मग तिच्या चुकीचा दंडही माणसानेच भरावा. फाटक तुम्ही उघडे ठेवले, सजा तिला का?" आणि मग म्हणाल्या, "कुंपण उंच करा. पैसे कमी पडत असतील तर माझ्याकडे आहेत."

कुंपण साडेसहा फुटांचे झाले. फाटकाला आपोआप लागणारी कडी बसवली. हिरनीला बाहेर न्यायचे ते दोरीनेच, पहाटे आणि मगरिबच्या आधी. कोंबड्या आणि मांजरांपासून दूर. मोकळे सोडून "ये" म्हटले की येईल, या भरवशावर या जातीला कधी सोडू नये. ससा दिसला की तिला आपला आवाज ऐकू येत नाही. हा हट्ट नव्हे, तिच्या रक्तातली सवय आहे. लहान मुलांना आम्ही एकट्याने तिच्याजवळ जाऊ देत नाही, विशेषतः ती खात किंवा झोपलेली असताना.

एखाद्या वाचकाला असे जनावर घरी आणायचे असेल तर आमच्या अनुभवातून एवढेच सांगतो. आधी घरातल्या प्रत्येकाशी बोला, वडीलधाऱ्यांशी सर्वांत आधी. जागा, कुंपण आणि पुढच्या दहा-बारा वर्षांचा खर्च यांचा हिशेब करा. खाणे साधे चालते: ज्वारी-बाजरीची भाकरी, ताक, उकडलेले अंडे, कोंबडीचे शिजवलेले मांस. पण कांदा, चॉकलेट आणि द्राक्षे अजिबात नकोत. बकरी ईदला तर खास जपा. मायेने टाकलेले शिजवलेले हाड फुटून टोकदार होते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. बरगड्या थोड्या दिसल्या म्हणून कुत्रा उपाशी आहे असे नाही, या जातीची ठेवणच तशी. पण पाठीचा कणा आणि कमरेची हाडे टोचू लागली तर डॉक्टरांना दाखवा. आणि घरी आणणे शक्य नसेल तरी एक काम सगळ्यांना जमते. मारणाऱ्या मुलाच्या हातातला खडा काढून घ्या आणि अंगणाबाहेर पाण्याचे एक भांडे ठेवा.

हिरनीचे वजन आता बावीस किलो आहे. किंचित लंगडते, पण रात्री गोठ्यापाशी अनोळखी पावले वाजली तर उठून उभी राहते. गेल्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या दोन घरांतल्या शेळ्या चोरीला गेल्या, आमच्या राहिल्या. इमामसाहेब हसून म्हणाले, "आता ती हौसेची नाही, राखणीची झाली."

अम्मी फजरच्या वुजूसाठी अंगणात येतात तेव्हा हिरनी झोपेतून उठते आणि आपणहून गोठ्याच्या पलीकडे जाऊन बसते. तिला हे कुणी शिकवले नाही. अम्मी वुजू करतात, तिच्याकडे पाहतात आणि आत जातात. त्यांनी तिला आजवर एकदाही हात लावलेला नाही. पण सकाळची पहिली भाकरी तव्यावरून उतरली की विचारतात, "त्या मुक्या जीवाची बाजूला काढली का?"

ज्यांचे काम संपले त्यांना विसरण्यापासून अल्लाह आपल्या सगळ्यांना वाचवो. आमीन.