साउंड जमेपर्यंत

गणपतीत आमच्या गल्लीत गाण्याची बैठक असली की संध्याकाळी स्पीकरवाले काका हातगाडीवरून सामान आणायचे. एक ॲम्प्लिफायर, दोन कर्णे, तीन माईक आणि जागोजागी टेप गुंडाळलेलं वायरीचं भेंडोळं. ते उलगडायचं काम माझं. ही १९८० च्या आसपासची गोष्ट.

एक माईक गायकापुढे, एक डग्ग्यापासून वीतभर, एक पेटीला. तंबोऱ्यांना वेगळा माईक ही चैन. गायकाच्या माईकात येतील तेवढे येतील. मिक्सिंग हा शब्द कुणी ऐकला नव्हता, पण व्हायचं तेच. पेटी डोईजड झाली की काका नॉबला हात न लावता खुणावायचे, ‘मास्तर, जरा मागे.’ तार षड्जाला गायक आपणच मान वळवून माईकपासून दूर जायचा. तरी कर्ण्याचं तोंड स्टेजकडे कललं असेल, तर कर्ण्यातला आवाज माईकात, माईकातला पुन्हा कर्ण्यात, आणि ‘कुंईऽऽ’! मग कुणीतरी खांबावर चढायचं.

दुसरा कर्णा गल्लीच्या टोकाला. वायरीतून आवाज तिथे तत्क्षणी पोचतो, हवेतून मात्र सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. म्हणजे शंभर मीटरवर पाव सेकंदाहून जास्त उशीर. कोपऱ्यावर पान खात उभ्या असलेल्या माणसाला प्रत्येक सम दोनदा मिळायची. तक्रार कुणाचीच नसे.

आता भाचा याच धंद्यात आहे. बत्तीस चॅनेलचा डिजिटल मिक्सर, हातात टॅब. लांबच्या स्पीकरला तो मोजून मिलिसेकंदांचा उशीर लावतो. सम एकदाच येते. कुंई झालीच तर नेमकी तेवढी फ्रिक्वेन्सी खाली ओढतो. त्याचं दुखणं वेगळं आहे : मॉनिटर, म्हणजे कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर. तबलजी बोट वर करतो, मग गायिका, मग पेटीवाला. बोट खाली करणारा कलाकार अजून पाहिला नाही, म्हणतो. त्यात कुणी माईकची जाळीच मुठीत धरली, की मागचा आवाज टाळायचा माईकचा गुण संपतो आणि शिट्टी ठरलेली.

एक अडचण मात्र दोघांची सारखी. चार वाजता रिकाम्या सभागृहात लावलेला साउंड सात वाजता चालत नाही. भरलेल्या खुर्च्या वरचे सूर पिऊन टाकतात. काकांचा पहिला राग असाच वाया जायचा, पण पुढे अख्खी रात्र पडलेली असे. चहापर्यंत जमायचं, आणि भैरवीला काका ॲम्प्लिफायरला टेकून घोरत असायचे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर सणाचे मोजके दिवस सोडले तर उघड्यावरचे कर्णे दहाला बंद. झोपणाऱ्यांच्या बाजूनं ते रास्तच. सभागृहंही आता तासांवर मिळतात.

परवा भाच्याच्या कार्यक्रमात सगळं जुळून आलं, मागचे तंबोरेसुद्धा सुटे सुटे ऐकू येऊ लागले, तेव्हा पावणेदहा झाले होते आणि संयोजक विंगेतून गायिकेला मनगट दाखवत होते.