मुक्या जिवाचा श्वास

कुत्र्याच्या पिल्लाला आपले दुखणे सांगता येत नाही; पाळणाऱ्याने ते त्याच्या श्वासावरून ओळखायचे असते. घशात काही अडकल्यासारखा कोरडा खोकला येत असला, तरी पिल्लू खेळत-खात असेल, तर ऊब, विश्रांती आणि इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवणे एवढ्याने तो बहुधा दोन-तीन आठवड्यांत शमतो.

मात्र नाकाडोळ्यांतून घट्ट, पिवळसर स्राव वाहू लागला, अंग तापले, खाण्यावरची वासना उडाली, निजलेल्या पिल्लाचे श्वासही मिनिटाला ४० च्या पुढे गेले, तर ती न्यूमोनियाची किंवा डिस्टेंपरची चाहूल असू शकते. अशा वेळी पशुवैद्यकाकडे नेण्यास विलंब करू नये. माणसांची औषधे मायेपोटी दिली, तरी ती विष ठरू शकतात.

डिस्टेंपरच्या विषाणूवर रामबाण औषध नाही; उपचार केवळ शरीराला झुंजण्याचे बळ देतात. आईच्या दुधातून लाभलेले संरक्षणही काही आठवड्यांत ओसरते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने लस टोचून घ्यावी लागते.

पिल्लाला कुरवाळणे सोपे असते. रात्री उशाशी बसून त्याचे श्वास मोजणे, ही खरी भूतदया होय.