मेथी निवडायला बस

सातारा,
२१ सप्टेंबर २०२५

चि. मनू,


आज सर्वपित्री, उद्या घट. मधली ही एकच दुपार मोकळी मिळाली म्हणून लिहायला बसले. आत्महत्येवरचं तुझं पथनाट्य गुरुवारी फोनवर आलं. स्क्रीनवर मला नाटक वाचता येत नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं. त्याने पहिलं पान चाळलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकू, घरी सगळं ठीक आहे ना?" मागे चार गिऱ्हाईकं खोळंबलेली असताना त्याने विचारलं. हॉस्टेलात एकमेकांचं ऐकून घेणाऱ्या तुमच्या गटात भरती करून घ्यावा असा माणूस आहे.

आता नाटक. मेसच्या रांगेचा प्रवेश फार चांगला जमलाय. तो एटीकेटीवाला मुलगा चौघांना "मस्त रे, एकदम मस्त" म्हणतो आणि दर वेळी त्याचा आवाज एकेक पट्टी उतरत जातो, तिथे मी थांबून पुन्हा वाचलं. पण शेवटचा प्रवेश काढून टाक. हलगी थांबते, पांढरी चादर, तीस सेकंद शांतता, मग एकेक जण रडत पुढे येतो, हे सगळं काढ. पुण्यात कॉलेजातून नाटक करणाऱ्या प्रत्येकाला शेवटी प्रेक्षकांचा श्वास अडकवायचा असतो, मला ठाऊक आहे. करंडकाच्या परीक्षकांपुढे ते शोभतं. तुझे प्रेक्षक कट्ट्यावर चहाचा ग्लास घेऊन उभे असणार, आणि त्यांच्यात एखादा असा असेल की ज्याने काल रात्री जीव द्यायचाच विचार केलाय. त्याला तू काय दाखवलंस? की नाटकातला मुलगा गेल्यावर सगळे रडले, ज्या मुलीने कधी ढुंकून पाहिलं नाही तीसुद्धा रडली, सरांनाही चूक कळली. म्हणजे जाण्यात फायदा आहे असंच दाखवलंस की गं.

आत्याचा सोवळेपणा म्हणून सोडून देऊ नकोस. व्हिएन्नामध्ये मेट्रो सुरू झाली १९७८ साली. पुढच्या काही वर्षांत तिथे रुळांवर जीव देण्याच्या घटना वाढत गेल्या आणि वर्तमानपत्रं त्या पहिल्या पानावर रंगवून छापायची. १९८७ साली तिथल्या आत्महत्या प्रतिबंधक संघटनेने पत्रकारांना सांगितलं, कसं केलं ते लिहू नका, कारण एका ओळीत गुंडाळू नका, फोटो छापू नका. वर्तमानपत्रांनी ऐकलं. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आकडा झपाट्याने खाली आला आणि पुढेही खालीच राहिला. मेट्रो तीच, माणसं तीच, फक्त सांगण्याची तऱ्हा बदलली. पुढे २०१० साली त्याच देशातल्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. जीव द्यायचा विचार मनात येऊनही जो त्यातून बाहेर पडला, अशा माणसाची हकिकत छापून येते तेव्हा त्याचा उलटा, चांगला परिणाम दिसतो. तेव्हा तुझ्या त्या मुलाला जगव. कसा जगला ते दाखव. लिहायला अवघड आहे, म्हणूनच तुला सांगतेय.

मरण दाखवल्याशिवाय लोक हलत नाहीत असं तुमच्या दिग्दर्शकाचं म्हणणं असेल तर त्याला अ‍ॅलिसन मॅल्मनचं उदाहरण दे. ती अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होती. तिचा थोरला भाऊ ब्रायन कोलंबिया विद्यापीठात हुशार, लोकप्रिय मुलगा. आतून काय चाललंय ते त्याने कितीतरी दिवस कुणाला कळू दिलं नाही. २००० साली त्याने आयुष्य संपवलं. तिला नंतर एकच गोष्ट छळत राहिली, की तिच्या स्वतःच्या कॉलेजात तरी या विषयावर कोण बोलतंय? २००१ साली तिने तिथे विद्यार्थ्यांचा गट काढला. त्याचीच पुढे 'अ‍ॅक्टिव्ह माइंड्स' ही संस्था झाली आणि आज शेकडो कॅम्पसवर तिच्या शाखा आहेत, सगळ्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या. त्यांचं एक फिरतं प्रदर्शन आहे. हिरवळीवर १,१०० सॅक मांडून ठेवतात. अमेरिकेत वर्षाला साधारण तितकी कॉलेजची मुलं अशी जायची, म्हणून १,१००. काही सॅकना चिठ्ठ्या अडकवलेल्या असतात, घरच्यांनी लिहिलेल्या. तो मुलगा कोण होता, त्याला काय आवडायचं, एवढंच. चादर नाही, शांतता नाही. लोक आपापल्या लेक्चरला निघालेले असतात आणि मधेच वाकून वाचायला लागतात.

आपल्याकडचा आकडा तू नाटकात घातला आहेस तो बरोबर आहे, २०२२ या एका वर्षात देशभरात १३,०४४ विद्यार्थी, आणि त्यांत सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रातले. पण तो सूत्रधाराच्या तोंडी ओरडून देऊ नकोस. ओरडून सांगितलेला आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही.

असो. नाटक वीस मिनिटांत संपेल. मला काळजी एकविसाव्या मिनिटाची आहे. गर्दी पांगली, तू हलगी आवरते आहेस आणि एक मुलगी जवळ येऊन म्हणते, "ताई, एक मिनिट?" तेव्हा तू काय करणार?

मी बँकेत असताना नऊ वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी हेल्पलाइनवर बसायचे, हे तुला माहीत आहे. तिथे काय चालायचं ते मी घरी कधी सांगितलं नाही. आताही माणसांबद्दल सांगणार नाही, कामाबद्दल सांगते. निम्मे फोन गप्प असायचे. पलीकडे पंख्याचा आवाज, कधी लांबून टीव्ही. पहिले सहा महिने मला त्या शांततेची इतकी भीती वाटायची की मी बडबडून ती भरून काढायची. आमच्या ताई एकदा मागे येऊन उभ्या राहिल्या आणि कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवलं, 'बोलू नकोस, बस.' त्यानंतर मी "मी आहे इथे, घाई नाही" एवढंच म्हणून गप्प राहायला शिकले. चार-चार मिनिटं जायची. आणि मग पलीकडून पहिलं वाक्य यायचं ते बहुतेक वेळा "सॉरी" असायचं.

ज्यांनी हे काम जगात पहिल्यांदा उभं केलं त्यांच्यापैकी एक चॅड वारा. लंडनमधला पाद्री. तरुणपणी त्याला एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला होता. तिला पाळी आली, तिला वाटलं काहीतरी घाणेरडा रोग झाला, आणि विचारायला कुणीच नव्हतं. ते त्याच्या मनात राहिलं. १९५३ साली त्याने आपल्या चर्चमध्ये फोन ठेवला आणि जाहीर केलं की जगणं नकोसं झालं असेल त्यांनी मला फोन करा, भेटायला या. लोक इतके येऊ लागले की बाहेर रांग लागायची. मग मदतीला काही साधी माणसं आली. त्यांचं काम काय, तर थांबलेल्यांना चहा द्यायचा, शेजारी बसायचं. थोड्याच महिन्यांत वाराच्या लक्षात आलं की चहा पिऊन, त्या माणसांशी बोलून बरेच जण आत न येताच परत जाताहेत. हलके होऊन जाताहेत. त्याने सरळ फोन त्या माणसांच्या हाती दिला. 'समॅरिटन्स' अशी उभी राहिली. १९७० साली एसेक्स विद्यापीठात मुलांनी तेच रात्री करून पाहिलं. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी रात्रभर फोनवर बसायचं, सल्ला द्यायचा नाही, नाव विचारायचं नाही. तिथली 'नाइटलाइन' आज ब्रिटनमधल्या कितीतरी विद्यापीठांत आहे. आपण फोनवर बसतो हे त्यांतले बरेच जण मित्रांनाही सांगत नाहीत.

तुमच्या हॉस्टेलात हे नाव न सांगणं जमणार नाही. तिथे कुणाच्या बादलीचा रंग कोणता हेसुद्धा विंगभर माहीत असतं. त्यामुळे तुम्हाला फोनवाल्यांपेक्षा आमच्या वेळच्या मेसच्या मावशींकडून जास्त शिकता येईल.

या मावशींबद्दल तुझ्या बाबालाही माहीत नाही. १९८३ साली मी पुण्यात बी.एस्सी.ला आले. तालुक्याच्या गावातून, मराठी माध्यमातून. केमिस्ट्रीचं जर्नल इंग्रजीत, वायवा इंग्रजीत, आणि मी "येस सर"पलीकडे तोंड उघडत नव्हते. पहिल्या टर्मला दोन विषय गेले. घरी कळवलं नाही. दादाची तेव्हा नोकरी नव्हती, बाबांनी कर्ज काढलं होतं, पत्रात काय लिहिणार? मी वर्गात जाणं सोडलं. दिवसभर पांघरूण घेऊन पडायची. रूममेटला वाटलं मी आळशी आहे, आणि मलाही तेच वाटलं. आमच्या मेसच्या मावशी पोळ्या मोजून वाढायच्या, कारण हिशेब त्यांच्या अंगावर. एक दिवस ताटात वाढताना म्हणाल्या, "चार खानारी पोर दोनावर आली, काल एकावर." बस, एवढंच. संध्याकाळी मला स्वयंपाकघरात बोलावलं, पुढ्यात मेथीचा ढीग टाकला आणि म्हणाल्या, "ये, मेथी निवडायला बस."

विचारलं काहीच नाही. दोन संध्याकाळ आम्ही नुसती मेथी निवडली. हातांना काम असलं की डोळ्यांत बघावं लागत नाही, हे मला फार नंतर कळलं. तिसऱ्या दिवशी मी बोलायला लागले ते थांबेचना. मग त्यांनी ते विचारलं जे कुणी विचारत नाही, "जीव नकोसा झालाय का गं?" मी हो म्हटलं. त्या घाबरल्या नाहीत की रागावल्या नाहीत. पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "ह्ये माझ्या एकटीच्या हातातलं न्हाई पोरी. उद्या तुझ्या बाईंकडं जाऊ, मी येते संगट." आणि खरंच आल्या. कॉलेजच्या पायऱ्या चढून, पोळपाटाचं पीठ मनगटावर तसंच. इंग्रजीच्या बाईंनी मला पुढे डॉक्टरांकडे नेलं. बाकीची गोष्ट औषधांची आणि वेळेची आहे, ती कंटाळवाणी आहे.

तू 'कासव' पाहिला आहेस ना, भावे-सुकथनकरांचा? त्यातली बाई त्या मुलाला घरी आणते आणि त्याची उलटतपासणी घेत नाही. तो पाहताना मला मावशी दिसत होत्या.

मावशींनी केलेली एक गोष्ट मात्र तुमच्या गटाच्या नियमात नाही. तुम्ही लिहिलंय, 'सांगितलेलं सगळं शंभर टक्के गुप्त राहील.' हे वाक्य आजच बदला. उद्या एखादी म्हणेल, शपथ घे कुणाला सांगणार नाहीस, आणि मग जे सांगेल ते घेऊन तू रात्रभर एकटी जागशील. आधीच सांगायचं, "बाकी सगळं माझ्यापाशी राहील. जिवाचा प्रश्न असेल तर मी मोठ्या कुणाला तरी सांगणार, आणि तेव्हा तुझ्याबरोबर येणार." आणि सरळ विचारायला भिऊ नका. विचारल्याने डोक्यात भलतं शिरतं हा समज खोटा आहे. विचार आधीपासून असेल तर उलट ओझं कमी होतं.

गटातल्या कुणीही रात्री एकट्याने हे निभावायचं नाही, दोघं असा. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर पाठ करा. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

रेक्टरना 'पोलीस केस होईल' याची धास्ती असते, म्हणून अशा गोष्टी दाबल्या जातात. त्यांना सांग, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५व्या कलमाने जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं. त्याला शिक्षा करायची नसते, त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. हा कायदा २०१८च्या मे महिन्यापासून लागू आहे.

आता थोडं भांडणाचं. तुमच्या कॉलेजात तीन हजार मुलं आणि समुपदेशक बाई येतात मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन ते पाच. वरून प्राचार्य भाषणात म्हणतात, आमची मुलंच एकमेकांना सांभाळतात! कौतुक करून घ्या, पण त्यांची सुटका होऊ देऊ नका. यंदा २५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या एका नीटच्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात निकाल दिलाय. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यायचं, परीक्षेच्या काळात मुलांच्या छोट्या-छोट्या तुकड्यांना माणूस नेमून द्यायचा. निकालाची प्रत काढ, खाली चाळीस सह्या घे आणि नेऊन दे. मावशी बाईंपर्यंत नेऊ शकल्या कारण बाई रोज तिथे होत्या. तुम्ही कुणाला हाताला धरून नेणार आणि दाराला कुलूप असेल, तर काय उपयोग?

तुझा निरोप मला गुरुवारी पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी आला होता. खाली 'सॉरी, आत्ताच मोकळी झाले' असं लिहिलं होतंस. कुणाबरोबर बसली होतीस ते विचारत नाही.

दसरा दोन तारखेला, तुमचं नाटक दहाला. मधे सुट्टी आहे ना? ये दोन दिवस. नवा शेवट घेऊन ये, वाचून दाखव, झेरॉक्सवाल्यालाही ऐकायचाय. मेथीच्या दोन जुड्या आणून ठेवते.

तुझी,
आत्या