अडलेला हिस्सेदार

रत्नागिरीकडच्या जमिनींचे कागद बघणारा म्हणून माझं मत असं झालंय, की ‘पार्टी अडलेली आहे, पटकन बोला’ असं एजंट सांगतो तेव्हा अडलेला असतो एकच हिस्सेदार, आणि जमीन असते साऱ्या घराण्याची. गुंतवणुकीच्या वर्गांत शिकवतात: गरजू विक्रेता हुडका, त्याची निकड ओळखा, मग भाव पाडा. शहरात एकाच्याच नावावर असलेल्या फ्लॅटला ते लागू पडत असेल. इथला सातबारा मात्र सावकाश वाचावा लागतो. मयतांच्या नावांना कंस, खाली वारसांची रांग. कुठे एकाच भावाचं नाव आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे तो नुसता एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. बहिणींची नावं अनेकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात ढकललेली. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि तेव्हा वडील हयात असोत वा नसोत, तो लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. भाव कमी दिसतो त्यामागे बहुतेक वेळा हेच अपुरे कागद असतात. ती सवलत नव्हे, पुढच्या दाव्याचा खर्च आहे.

यावर हमखास ऐकू येतं, की सगळ्यांना गोळा करत बसलं तर माल दुसराच उचलेल; एकाचा अविभक्त हिस्सा घ्यावा, कायद्याने तो विकता येतोच. येतो, खरं आहे. पण कौटुंबिक राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ एकत्र ताबा देत नाही. त्याने वाटपाचा दावा लावलाच, तर १८९३च्या वाटप कायद्यानुसार घरातलाच कुणी न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा परत घेऊ शकतो. शिवाय वारसाहक्काने आलेला हिस्सा सहवारसाने विकायला काढला, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ने पहिला अग्रहक्क इतर वारसांचा, आणि शेतजमिनीलाही तो लागू आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकाल आहे. मुंबईहून येणारा घेणारा स्वतः शेतकरी नसेल, तर परवानगीशिवाय त्याला शेतजमीन घेऊ न देणारं कुळकायद्याचं कलम ६३ आहेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: विकणारा सज्ञान आहे, त्याची गरज भागतेय, मग स्वस्तात घेण्यात पाप कसलं? दोघांना सारखीच माहिती असेल तर काहीच नाही. रिफायनरी येणार होती त्या नाणारला तसं होतं का? तिचा गाजावाजा होण्याआधीच बाहेरच्या मंडळींनी जमिनी घेतल्याची ओरड तेव्हा उघड झाली. २०१९च्या मार्चमध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली, आणि मोबदल्याच्या हिशेबाने जमीन घेणाराच मग अडलेला ठरणार. हे मी कुणाच्या वाईटावर बोलत नाही. निकड पक्ष बदलते, एवढंच.

म्हणून बोलणी भावापासून सुरू करू नयेत. नड कसली ते आधी विचारावं. बागेला राखणदार मिळत नाही, फवारणी परवडत नाही, की दवाखान्याचं बिल आहे? मग वारसनोंद, मोजणी, वाटप यांचा खर्च आपण उचलायची तयारी दाखवून त्या बदल्यात भावात सूट मागावी. ती मागायला तोंड असतं. इसार थोडका, बाकी रक्कम सर्वांच्या सह्यांच्या खरेदीखतावेळी. घर आणि भोवतालचं अंगण व्यवहारातून वगळायची तयारी ठेवली, तर गणपतीला गावी येणारे चाकरमानी निम्मा विरोध सोडतात, असा माझा अंदाज. आणि ‘ताई काही मागत नाही, ती हक्कसोड देईल’ असं भाऊ म्हणाला, तरी तिच्या वाट्याचा चेक तिच्याच नावाने काढावा, खरेदीखतात त्याचा नंबर घालावा. घेणाऱ्याचा एकूण आकडा त्याने एक रुपयानेही वाढत नाही. भाऊ कुरकुरेल, तर कुरकुरू दे. त्याची घाई खरी असेल तर तो सही करेलच.