तांबडी रेघ

संगणकावर मराठीत चार ओळी लिहिल्या असतील, तर ती रेघ तुम्ही पाहिली असणारच. शब्द शुद्ध असतो, आपण तो जन्मभर उच्चारलेला असतो, आणि तरीही त्याच्याखाली एक नागमोडी तांबडी रेघ उमटते. ‘घर’ लिहिले तर संगणक गप्प राहतो. ‘घरातल्यांना’ लिहिले की त्याला शंका येते. फलटणच्या बाजारपेठेत माझे टंकलेखनाचे आणि झेरॉक्सचे छोटे दुकान होते. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, लग्नपत्रिका, शाळा-महाविद्यालयांतले प्रकल्प असे सगळे तिथे येई, आणि त्यांतले निम्मे शब्द त्या रेघेने रंगत. शेजारी बसलेले गिऱ्हाईक पडद्याकडे पाहून म्हणे, “भाऊ, एवढ्या चुका?” चुका माझ्या नव्हत्या, पण तसे सांगताना माझाच आवाज खाली येई.

एके दिवशी बारावीतली एक मुलगी आपला प्रकल्प स्वतः टाइप करत बसली होती. तिने ‘विहिरीत’ असे अचूक लिहिले. खाली रेघ आली. तिने तो शब्द खोडून ‘विहीर मध्ये’ असे दोन तुकडे केले. रेघ गेली आणि मुलगी निश्चिंत झाली. त्यानंतर मी लक्ष ठेवू लागलो, तर ‘शाळा साठी’, ‘गाव मध्ये’, ‘आई ला’ असे तुकडे रोज दिसू लागले. यंत्राला मराठी येत नव्हते, म्हणून माणसे आपले मराठी बदलत होती. ही गोष्ट मला झोपू देईना. या लेखात पुढे जे सांगणार आहे, त्याचे मूळ इथे आहे.

त्या रेघेमागे कोण बसले आहे, हे मला उशिरा कळले. हनस्पेल नावाचे एक सॉफ्टवेअर हे काम करते. हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी ते मुळात आपल्या भाषेसाठी रचले. हंगेरियन भाषेतही नामाला प्रत्ययामागून प्रत्यय चिकटतात. म्हणजे दुखणे आपल्यासारखेच. आज फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या दोन्हींत हेच हनस्पेल शब्द तपासते. ते मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याची संहिता कोणीही वाचावी, बदलावी आणि पुढे वाटावी अशी रीतसर परवानगी तिच्यासोबतच दिलेली आहे. या विचाराला संघटित रूप आले ते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला तेव्हा. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने छंद म्हणून चालवलेले काम लोकांपुढे मांडले आणि त्यातून लिनक्स उभे राहिले. मला मात्र एवढेच दिसले की, मराठी शब्दांची यादी उघडी आहे आणि ती दुरुस्त करायला कोणाच्या चिठ्ठीची गरज नाही.

दार उघडे असले म्हणून आत जाता येतेच असे नाही. माझे वय छत्तीस, शिक्षण बारावी, इंग्रजी वाचताना बोट ओळीवर ठेवावे लागे. मी पुण्याहून आज्ञावली-लेखनाचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणले. आधी सगळे शिकायचे, मग हात लावायचा, असा माझा बेत होता. साठ पाने झाली आणि मी थांबलो. पुस्तकात काय आहे ते थोडेफार कळत होते. त्याचा माझ्या ‘विहिरी’शी संबंध काय, ते कळत नव्हते. तीन महिने ते पुस्तक झेरॉक्सच्या कागदांवर वजन म्हणून राहिले.

मला सोडवणारी गोष्ट फलटणमध्येच होती. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या भाषाविदुषी इथे राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या, आणि १९८४ साली त्यांनी प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. मुलांना वाचन शिकवण्याची त्यांची रीत आमच्या लहानपणच्या रीतीहून निराळी. आम्ही सगळी मुळाक्षरे, मग सगळी बाराखडी घोकली, आणि शब्द भेटला तो कधीतरी वर्षाच्या शेवटी. त्यांच्या पद्धतीत मोजकी अक्षरे आणि मोजकी स्वरचिन्हे घेऊन मूल लगेच अर्थाचा शब्द वाचते. पुढची अक्षरे पुढच्या शब्दांसाठी येतात. शेजारच्या एका शिक्षिकेने हे मला समजावले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी संगणकाची बाराखडी घोकत बसलो आहे. मग मी यादी उतरवून घेणे, बदलणे, बदल नोंदवणे आणि तो पाठवणे, एवढ्या चारच आज्ञा शिकलो. त्या काळ्या पडद्यावरची पाचवी आज्ञा मी जवळजवळ वर्षभराने शिकलो, आणि त्यावाचून माझे काही अडले नाही.

पहिला हप्ता पाठवला तो असा: घर, घराला, घरात, घरातून, घरातला, घरातल्यांना... एकेका नामाची तीस-चाळीस रूपे, सगळी हाताने लिहिलेली. दोन महिन्यांच्या रात्री त्यात गेल्या. उत्तर दोन ओळींचे आले. रूपे लिहू नका, नियम लिहा. हा हप्ता घेता येत नाही. उत्तर उद्धट नव्हते. पण रात्री अकरा वाजता, दुकान बंद करून आल्यावर, ते मला तसे वाटले. आपण या कामाचे नव्हे, असे मी बायकोला सांगूनही टाकले.

नियम म्हणजे काय, ते मला बी.ए.च्या व्याकरणाच्या पुस्तिकेने शिकवले. हे मी या पुस्तिकेचा मान राखायचा म्हणून सांगत नाही. घडले तसे सांगतो. हनस्पेलला दोन फायली लागतात. एकीत मूळ शब्द, प्रत्येकापुढे तिरकी रेघ आणि एक खूण. दुसरीत त्या खुणेचा अर्थ, म्हणजे शब्दाचा शेवट कसा बदलतो आणि त्याला काय जोडले जाते. वाचताना मी उडालोच. हे तर सामान्यरूप! ‘घोडा’चे ‘घोड्या-’, ‘घर’चे ‘घरा-’, ‘पाऊस’चे ‘पावसा-’. परीक्षेपुरते पाठ करायचे म्हणून ज्या प्रकरणाला मी नाके मुरडली होती, तेच इथे यंत्राला शिकवायचे होते. आणखी एक मौज पाहा. ‘फूल’चे ‘फुलात’ होते, ‘विहीर’चे ‘विहिरीत’ होते. उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो. पण ‘शरीर’चे ‘शरिरात’ होत नाही, कारण तो तत्सम शब्द आहे. कोणता शब्द तत्सम आणि कोणता नाही, हे अक्षरांकडे पाहून यंत्राला कळण्याचा मार्ग नाही. कोणीतरी मराठी जाणणाऱ्याने बसून एकेका शब्दापुढे योग्य ती खूण करावी लागते. तल्लख संगणक-अभियंत्याचे तिथे काही चालत नाही, तुमचे चालते.

आपल्याला सामान्यरूप शिकावे लागत नाही, म्हणून ते दिसतही नाही. बर्नसन आणि फलटणच्याच लेखिका जाई निंबकर यांचे मराठीचे संदर्भ-व्याकरण १९७५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढले. परक्या माणसाला मराठी शिकताना जे अडते, ते अशा ग्रंथात सांगावेच लागते. यंत्र हे आणखी परके. त्याला तर सगळेच अडते.

दुसरा हप्ता घेतला गेला. मग ‘वाऱ्यावर’ने गाठले. शब्द यादीत होता, नियम बरोबर होता, आणि तरी मी ‘वाऱ्यावर’ लिहिले की तांबडी रेघ येई. मी शब्द पुसून पुन्हा लिहिला. संगणक बंद करून चालू केला. तीन संध्याकाळी गेल्या. शेवटी संघातल्या लोकांना लिहिले, “चालत नाही, मदत करा.” आठवडाभर उत्तर नाही. राग आला, मग आमच्या दुकानात येऊन “साहेब, अर्ज करायचाय” एवढेच म्हणणारी माणसे आठवली. कसला अर्ज, कोणाकडे, कशासाठी, हे मी त्यांना विचारत असे ना? मी पुन्हा लिहिले. कोणता शब्द, तो कोणत्या कळा दाबून लिहिला, यादीतला शब्द कुठून घेतला, काय व्हायला हवे होते, काय झाले. इंग्रजी मोडके होते. उत्तर दुसऱ्या दिवशी आले.

‘ऱ्य’मधला तो चंद्रकोरीसारखा र. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यास’ दक्षिणा द्यायची आणि ‘आचाऱ्यास’ स्वयंपाक सांगायचा. हा भेद आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असतो. युनिकोड या अक्षरसंकेतात हा र दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरी, साधा ‘र’, हलन्त, आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारी एक जोडखूण. ही जुनी रीत नंतरही मान्य ठेवली गेली. कागदावर दोन्ही तंतोतंत एक दिसतात, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. माझी यादी एका रीतीची होती, माझी बोटे दुसऱ्या रीतीची. (फलटण हे महानुभावांचे क्षेत्र. ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत लिहिणाऱ्या त्या मंडळींना हे ऐकून नवल वाटले नसते.)

उत्तर देणाऱ्याने शेवटी विचारले होते की हा प्रकार अजून कोणी नोंदवलेला दिसत नाही, तर तुम्ही नोंदवाल का? जे रोज मराठी लिहीत त्यांची एक रीत ठरून गेली होती, म्हणून त्यांना हा खड्डा लागलाच नव्हता. नवखा होतो म्हणून मी त्यात पडलो. खड्डा रस्त्यात होता. इतके दिवस मी तो माझ्या पायांत शोधत होतो. मी नोंद केली, आणि येणारी एक रीत दुसरीत बदलून घेण्याचा नियम फायलीत घातला. हनस्पेलमध्ये त्याची सोय आहे. दोन ओळींचे काम. दोन महिन्यांच्या हजारो रूपांपेक्षा त्या दोन ओळींचा उपयोग अधिक झाला. अक्षरसंकेतही एकदाच पुरा होऊन आलेला नाही. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ला त्यात स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली.

तुम्हाला हनस्पेलच हवे असे नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे; तिथला एक चुकलेला ऱ्हस्व दुरुस्त करायला पाच मिनिटे लागतात आणि एकही आज्ञा लागत नाही. अडखळाल तेव्हा मात्र कुठे अडखळलात ते त्याच दिवशी लिहून ठेवा. महिन्याभराने तुम्ही सराईत व्हाल आणि तो खड्डा तुम्हालाही दिसेनासा होईल. माझी अशी एक दोनशे पानी वही आहे.

त्या वहीत सध्या इंग्रजीतून आलेले शब्द चालू आहेत. ‘फाइल’चे ‘फायलीत’, ‘पेन्सिल’चे ‘पेन्सिलीने’ हे ठरले. ‘स्क्रीन’चे ‘स्क्रीनवर’ ठेवले. ‘मशीन’पाशी अडलो आहे. आमच्या दुकानात लोक ‘मशिनीत कागद अडकलाय’ म्हणत. छापील मजकुरात ‘मशीनमध्ये’ दिसते. दोन्ही रूपे घ्यावीत की एकच, यावर संघात वाद चालू आहे आणि त्या शब्दापुढे मी अजून प्रश्नचिन्ह ठेवले आहे. तुमच्याकडे काय म्हणतात?