पाटाला गेलेला तडा

चि. सोनूस,

फोटो पोचला. पाटाला टोकाकडून बोटभर तडा गेला म्हणून तू हळहळलीस ते ठीक, पण दुकानातून लांबी आणून तो बुजवू नकोस. आधी पाट उलटा कर.

खालची बाजू रंधलेली नाही. वाकसाचे उथळ घाव एकाला एक लागून दिसतील, बोट फिरवलंस तर लागतीलसुद्धा. वर माणूस बसणार म्हणून तिथे रंधा. खालची बाजू जमिनीची, तिला वाकस पुरे. आता त्या दोन आडव्या पट्ट्या बघ. खिळा नाही, सरस नाही. फळीत खाच पाडली आहे, तिचं तोंड अरुंद आणि पोट रुंद. पट्टीही त्याच मापाने तासून बाजूने आत सरकवली आहे. मधोमध बांबूची एकच खुंटी.

एवढा खटाटोप कशाला, तर लाकूड तोडल्यावरही फुगायचं-आकसायचं थांबत नाही. पावसाळ्यात फळी रुंदीला वाढते, उन्हाळ्यात आवळते. लांबीत जवळजवळ काही फरक पडत नाही. पट्टीची लांबी नेमकी फळीच्या रुंदीवर आडवी येते. तिला दोन्ही टोकांना खिळे ठोकले की फळीची कोंडी होते आणि ती उभी फुटते. खुंटी एकटी मधे असली की फळी दोन्हीकडे मोकळी राहते. बाजारात खिळ्यांचे चकचकीत पाट मिळतात, त्यांचं काय होतं ते आमच्या शेजारी दर दिवाळीला बघते मी.

मग तुझा का तडकला? तू तो हीटरच्या झरोक्याजवळ ठेवलास म्हणून. रत्नागिरीच्या दमट हवेला सरावलेलं लाकूड ते. फळीची टोकं पोटापेक्षा लवकर सुकतात. टोक आकसायला निघालं, पोट जागचं हलेना, आणि टोकाला चीर पडली. यात सुताराचा दोष नाही.

तुझ्या बाबाच्या मुंजीच्या आधी परसातला फणस वादळात पडला, त्याचा हा पाट. आप्पांनी सरपण होऊ दिलं नाही. एक माणूस वर, एक खाली, अशी मोठी करवत ओढून फळ्या काढल्या, तेव्हा अंगणभर पिवळाधमक भुसा. ब्रह्मदेशात, थायलंडात भिक्षूंची चीवरं याच लाकडाच्या रंगात रंगवत आले आहेत. मला आठवतो तो पाटही पिवळाच. तुझ्याकडे आहे तो तांबूस तपकिरी, कारण फणस उजेडात वर्षानुवर्षं गडद होत जातो. फळ्या पडवीत, मधे चिपा घालून, पुरते दोन पावसाळे पडून होत्या. आजी रोज कुरकुरायची, वाट अडते म्हणून. सुतार यायचे, फळीवर नखाने टकटक करायचे, "अजून नाय" म्हणून चहा पिऊन जायचे.

तुमच्याकडे दुकानात मुद्दाम ओरखडे पाडलेली, भोकं पाडलेली टेबलं 'गावठी' म्हणून महाग विकतात असं तू लिहिलंस. मला त्याचं हसू येतं. वाकसाचा घाव कामातून उरतो. तो सजावट म्हणून पाडला की नुसता ओरखडाच.

खरं काम बघायचं तर तुझ्या फिलाडेल्फियापासून न्यू होप लांब नाही. जॉर्ज नाकाशिमांचं कारखानाघर तिथे आहे. 1905 साली अमेरिकेत जन्मलेला हा जपानी वंशाचा माणूस शिकलेला वास्तुविशारद. महायुद्धाआधी पाँडिचेरीला अरविंदाश्रमातल्या 'गोलकोंड' या वसतिगृहाच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली, आश्रमातच राहिले. पुढे 1942 मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं तेव्हा आयडाहोतल्या छावणीत त्यांना जपानी पद्धतीचं काम जाणणारा सुतार भेटला, आणि हत्यारांवरचा हात तिथे बसला. 1964 मध्ये ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही काम करून गेले. त्यांची टेबलं नीट बघ: झाडाची कड जशीच्या तशी, आणि फळीला चीर असेल तर ती उघडी. चिरीवर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी चावी बसवलेली, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. लपवाछपवी नाही.

तुझ्या पाटाला एवढ्यात चावीची गरज नाही. हीटरपासून दूर ठेव. तड्याच्या टोकाला पेन्सिलीने बारीक खूण कर. पुढच्या हिवाळ्यात तडा खुणेपुढे गेला तर एखाद्या जाणत्या सुताराकडून तशी चावी बसवून घे. खोबरेल लावू नकोस, ते सुकत नाही, नुसतं चिकट होऊन धूळ धरतं. जवसाचं तेल आण, हात अगदी हलका ठेव. आणि तेलाचं फडकं चुरगळून टाकू नकोस हं, आपोआप तापून पेट घेतं. पसरून वाळव, मग टाक.

खुंटी जागेवर आहे ना, तेवढं कळव. पट्टी सैल वाटली तरी काही ठोकू नकोस. पावसाळी हवा आली की घट्ट होईल.

तुझी,
आत्या