रंगाची कड

जुनी मोटार रंगवायला दिली की पहिले काही दिवस रंगाचा डबा उघडतच नाही. आधी गाडीच्या अंगावरचे दागिने उतरतात: बंपर, जाळी, आरसे, दारांच्या मुठी, नावाची अक्षरे आणि कुशीवरून लांब गेलेली चकचकीत पट्टी. येवल्यात विंचूर चौफुलीजवळच्या एका गॅरेजात वडिलांची प्रीमियर पद्मिनी अशी उघडी होताना मी पाहिली. या गाड्यांचे उत्पादन थांबून दोन दशके उलटली. २०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेही रस्ता सोडला. त्यामुळे काढताना तुटलेली क्लिप बाजारात मिळेल, या भरवशावर कोणी पट्टीला हात घालत नाही.

पट्टीवर कागदी टेप चिकटवून बाकीचे अंग रंगवावे, हा स्वस्त मार्ग म्हणूनच अनेकांना पटतो. पण टेप ओढली की रंगाची कड उघडी राहते. पाणी तिथूनच शिरते आणि पापुद्राही तिथूनच सुटतो. शिवाय पट्टीआड वर्षानुवर्षे धूळ साचते. बाकीचा पत्रा उन्हात वाळतो, तेवढा ओला राहतो.

येवलेकराला कडेचे महत्त्व निराळे सांगावे लागू नये. पैठणीचा काठ आणि अंग वेगळ्या रंगांचे असले, तर विणकर तीन धोटे चालवतो, दोन काठांसाठी आणि एक अंगासाठी. रंग बदलतो तिथे दोन्हींकडचे बाण्याचे धागे एकमेकांत अडकवतो. एक रंग दुसऱ्याला धरून असतो. पत्र्यावरच्या रंगाला असा आधार नाही. त्याची कड लपेल अशा जागी न्यावी लागते: पट्टीखाली, मुठीमागे, काचेच्या रबराआत.

हल्लीच्या गाड्यांची अक्षरे बहुधा चिकटवलेली असतात. गरम हवा देऊन मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढला की सुटतात. पद्मिनीची अक्षरे मात्र पायांवर उभी, पत्र्याच्या भोकांत रोवलेली. ती काढायला मिस्त्रींना अर्धा दिवस लागला. पट्टी त्यांनी कापडावर पाचर टेकवून, एकेका क्लिपेपाशी थांबत उचलली.

खाली गाडीचा मूळ फिकट निळा रंग होता. मध्यंतरी कोणी पट्टी न काढताच गाडी रंगवली होती, त्या वरच्या रंगाची कड नखाने निघत होती. मागच्या दारापाशी मिस्त्रींनी पेचकस टेकवला, तो सरळ आत गेला. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडावा लागणार होता आणि खर्च जवळजवळ दुप्पट होणार होता. माग विकल्यावर हातात राहिलेल्या पैशांतून वडिलांनी या कामासाठी रक्कम बाजूला काढली होती, ती मला ठाऊक होती.

वडील बराच वेळ त्या निळ्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मिस्त्री, काढलंच आहे तर पुरतं होऊ द्या.” आणि डबा पुढे ओढून क्लिपा मोजू लागले. चौदांपैकी अकरा शाबूत होत्या.